नवा भाग बसविला आणि संगणक मुका झाला

संगणक आता शाळेच्या घंटेइतकाच परिचयाचा झाला आहे. तो चालविणे पुष्कळांस येते. परंतु तो चालू होतो म्हणजे नेमके काय होते, याचा विचार तो चालू न झाल्यावाचून सहसा कोणी करीत नाही. काल सायंकाळपर्यंत बिनतक्रार काम करणाऱ्या यंत्रात आज एखादा नवा भाग बसवावा आणि बटण दाबल्यावर पडद्यावर एक अक्षरही उमटू नये, हा प्रसंग मोठा गोंधळविणारा असतो. सुधारावयास गेलो आणि होते तेही गमावून बसलो, असे वाटू लागते. अशा वेळी क्रमाने विचार कसा करावा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात आमचा हेतू आहे.

हा विषय निवडण्यास तसे कारणही आहे. 'विंडोज १०' या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिच्या जागी आलेल्या 'विंडोज ११'ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय पद्धतीने होणारा प्रारंभ आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते. सर्वच जुन्या यंत्रांना या अटी पुऱ्या करता येत नाहीत. तरी ज्यांना येतात त्यांच्यासाठी आणि ज्यांवर लिनक्स घालावयाचे ठरले त्यांच्यासाठीही, अनेक शाळांत व घरांत स्क्रू ड्रायव्हर बाहेर निघाले आहेत. कोणी रॅमची पट्टी वाढवितो, कोणी फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवितो, कोणी ग्राफिक्स कार्ड घालतो. हे स्तुत्यच होय. नव्या यंत्राच्या किमतीच्या अल्पशा अंशात जुने यंत्र आणखी काही वर्षे कामास येते. मात्र घाबरून जाऊन केलेला उपाय मूळ दुखण्याहून महाग पडू शकतो. यंत्राचा भाग बाजारात पुन्हा मिळतो. डिस्कवरील लेखन, छायाचित्रे आणि हिशेब पुन्हा मिळत नाहीत.

प्रथम 'बूट होणे' म्हणजे काय ते पाहू. हा शब्द पायांतील बुटावरूनच आला आहे. उंच बुटांना वरच्या काठाशी ओढून घेण्यासाठी पट्टा असतो. तो पट्टा ओढून स्वतःलाच जमिनीवरून वर उचलावे, हे जितके अशक्य, तितकाच अवघड पेच संगणकापुढे रोज उभा राहतो. आपल्याकडील शास्त्रकार अशा पेचासाठी डोंबाऱ्याच्या मुलाचा दृष्टांत देत असत: तो कितीही तरबेज असला तरी स्वतःच्याच खांद्यावर त्याला चढता येत नाही. स्मृतीत एखादा प्रोग्रॅम आणून ठेवण्यासाठी आधी दुसरा प्रोग्रॅम लागतो. मग तो पहिला कोणी आणावयाचा? वीज गेली की रॅम तर पाटीसारखी कोरी होते. १९४९ साली केंब्रिज विद्यापीठात सुरू झालेल्या एडसॅक या यंत्रात हा पेच मोठ्या युक्तीने सोडविला होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरीत त्या जातीच्या स्विचांवर केवळ ३१ आज्ञांचा एक संच कायमचा जोडून ठेवलेला असे. यंत्र सुरू करताना तो आधी स्मृतीत उतरे आणि मग तोच पुढील प्रोग्रॅम आत घेई.

आजच्या संगणकातही तत्त्व तेच आहे. स्विचांची जागा मदरबोर्डावरील एका लहानशा चिपने घेतली आहे. तीत बायॉस किंवा त्याचा आधुनिक वारस यूईएफआय हा प्रोग्रॅम असतो आणि तो वीज गेल्याने पुसला जात नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने जो 'पीसी' बाजारात आणला, त्यातील प्रोसेसर जागा होताच १ मेगाबाइटच्या सीमेच्या फक्त १६ बाइट अलीकडे असलेल्या जागेकडे पाही व तेथील पहिली आज्ञा पाळी. ती आज्ञा त्याला बायॉसकडे नेई. मग बायॉस प्रोसेसर, रॅम, पडदा, कळफलक यांची क्रमाने हजेरी घेई, आणि सर्व ठीक असल्यास 'पी' असा एकच आखूड आवाज काढी. ही स्वयंपरीक्षा आटोपल्यावर बायॉस डिस्ककडे वळतो. जुन्या पद्धतीत तो डिस्कवरील अगदी पहिले ५१२ बाइट वाचतो. त्यांपैकी ४४६ बाइटांत एक चिमुकला प्रोग्रॅम, ६४ बाइटांत डिस्कच्या विभागांचा तक्ता आणि शेवटच्या २ बाइटांत ओळखीची खूण असते. या मांडणीला एमबीआर म्हणतात. नव्या पद्धतीत डिस्कच्या विभागणीस जीपीटी असे नाव असून, यूईएफआय डिस्कवरील एका छोट्या राखीव विभागात ठेवलेली फाइल शोधून ती चालविते. तेथून पुढे विंडोज किंवा लिनक्स आपला कारभार हाती घेते.

म्हणजे क्रम असा झाला: वीज, मग प्रोसेसर व रॅम, मग पडद्यावरील चित्र, मग डिस्कचा शोध, आणि सर्वांत शेवटी प्रणाली. हा क्रम ज्याच्या मनात पक्का बसला त्याचे निम्मे काम झाले असे समजावे. कारण बंद पडलेला संगणक यांपैकी कोणत्या पायरीपर्यंत आला आणि कोठे थांबला, हे तो बहुधा आपल्या परीने सांगत असतो. "संगणक चालू होत नाही" या वाक्याने काहीच कळत नाही. पंखा फिरतो काय? दिवा लागतो काय? पडदा पूर्ण काळा आहे की त्यावर इंग्रजीत एखादी ओळ आली आहे? वैद्य नाडी पाहिल्यावाचून मात्रा देत नाही. आपणही या प्रश्नांची उत्तरे मिळविल्यावाचून काहीही उपटू नये.

दुसरा विचार त्याहून साधा आहे. जे काल चालत होते आणि आज चालत नाही, त्यात काल आणि आज यांच्या दरम्यान काय बदलले? नवा भाग हा पहिला संशयित, हे उघड आहे. तो काढावा, जुनी स्थिती जशीच्या तशी करावी आणि पुन्हा बटण दाबावे. यंत्र सुरू झाले तर दोष त्या भागात, त्याच्या बसविण्यात किंवा त्याच्या व मदरबोर्डाच्या न जुळण्यात आहे. सुरू झाले नाही तर? पुष्कळांचा तर्क येथेच अडखळतो आणि "म्हणजे मदरबोर्डच जळाला" असा निकाल दिला जातो. परंतु बदल केवळ एका भागाचाच झालेला नसतो. कॅबिनेट उघडताना विजेची केबल काढली, हा एक बदल. हात आत घालताना एखादी वायर हलली, हा दुसरा. अनेक वर्षे साचलेली धूळ उडून एखाद्या खाचेत गेली, हा तिसरा. यंत्र आडवे पाडले, हाही बदलच. कागदावर अशी यादी केली म्हणजे संशयितांची संख्या वाढते खरी, पण त्यांपैकी प्रत्येकाची चौकशी निरनिराळी करता येते. एका वेळी एकच बदल करावा आणि मधल्या प्रत्येक पायरीवर यंत्र सुरू करून पाहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर आनंद होईल. मात्र कोणत्या उपायाने गुण आला ते कळणार नाही, आणि दोष आठ दिवसांनी परत आला तर पुन्हा आरंभापासून सर्व करावे लागेल.

हात घालण्यापूर्वी भिंतीवरील बटण बंद करून केबल काढावी आणि मग संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज बव्हंशी निघून जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूस मधूनमधून हात लावीत जावा. कोरड्या दिवसांत अंगावर साचणाऱ्या स्थिर विजेचा चटका आपणांस जाणवू लागतो तो सुमारे ३,००० व्होल्टला. चिपांना मात्र त्याहून कितीतरी कमी दाबाने इजा होऊ शकते. म्हणजे आपणांस काहीही न जाणवता चिप मरू शकते. यापुढची एक सूचना आम्ही सूचना म्हणून नव्हे, आज्ञा म्हणूनच देतो: एसएमपीएसचा डबा कोणीही उघडू नये. आपल्या घरातील २३० व्होल्टचा प्रवाह आत सरळ केला जातो, तेव्हा तेथील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो आणि केबल काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

आता पहिली पायरी. बटण दाबले, पण पंखा नाही, दिवा नाही, काहीच नाही. येथे फार विद्वत्ता लागत नाही. भिंतीवरील बटण, यूपीएस आणि एसएमपीएसच्या मागील बाजूचे छोटे बटण पाहावे. कॅबिनेटच्या दर्शनी बटणापासून मदरबोर्डाकडे जाणारी दोन बारीक वायरींची जोडी काम करताना निसटते, हे विसरू नये. मदरबोर्डच बदलला असेल तर त्याखालील पितळी खुंट्या मोजाव्यात. बोर्डाला जेथे छिद्र नाही तेथे एखादी खुंटी राहून गेली, तर ती बोर्डाच्या पाठीस टेकून शॉर्ट सर्किट होते. ज्यांच्याजवळ मल्टिमीटर आहे आणि तो वापरण्याची सवय आहे, त्यांनी शिक्षकांसमक्ष एसएमपीएसच्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या वायरी मोजाव्यात. मोजमाप नियमाच्या पाच टक्के मागेपुढे चालते. १२ व्होल्टच्या वायरीवर ११.४ पेक्षा कमी आढळले तर एसएमपीएस थकला आहे.

दुसरी पायरी सर्वांत फसवी असते. पंखे जोरात फिरतात, दिवे लागतात, परंतु पडदा काळाच राहतो. पंखा फिरला म्हणजे यंत्र जिवंत आहे, अशी समजूत आहे. वस्तुतः पंखा फिरण्यास १२ व्होल्ट मिळाले की पुरे. प्रोसेसरने एकही आज्ञा वाचली असेल असे नव्हे. मदरबोर्डाला दोन ठिकाणी वीज द्यावी लागते: २४ पिनांचा मोठा प्लग एक, आणि प्रोसेसरच्या शेजारी ४ किंवा ८ पिनांचा छोटा प्लग दुसरा. पहिला बसविला आणि दुसरा राहिला तर अगदी हेच लक्षण दिसते. ग्राफिक्स कार्डाचेही तसेच आहे. ज्या खाचेत ते बसते तिच्यातून त्याला ७५ वॅटपर्यंत वीज मिळू शकते. अधिक लागल्यास ६ पिनांच्या प्लगातून आणखी ७५ किंवा ८ पिनांच्या प्लगातून १५० वॅट घ्यावे लागतात. जुना एसएमपीएस हा भार पेलण्याजोगा आहे काय, हे कार्ड विकत घेण्यापूर्वीच पाहावयास हवे. आणि कार्ड बसविल्यावर पडद्याची केबल मदरबोर्डाच्या जुन्या जागेतून काढून कार्डाला लावावयाची असते. ही गोष्ट इतकी क्षुल्लक आहे की ती तपासण्याची कोणालाच लाज वाटू नये.

परंतु काळ्या पडद्यामागे सर्वांत अधिक वेळा आढळतो तो रॅमचा दोष. रॅमची पट्टी खाचेत शिरण्यास बराच जोर लागतो. भीतीने ती अर्धवट दाबली जाते आणि वरून मात्र बसल्यासारखी दिसते. बाजूची कडी आपोआप 'कट्' असा आवाज करून बंद होईपर्यंत ती दोन्ही टोकांवर सारखी दाबावी. काही बोर्डांना एकाच बाजूस कडी असते. तेथे दुसरे टोक विशेष लक्षपूर्वक पाहावे. तरीही पडदा काळा राहिल्यास एकच पट्टी ठेवावी, प्रथम जुनी व मग नवी, आणि प्रत्येक वेळी खाच बदलून पाहावी. चार खाचांच्या बोर्डात एकटी पट्टी बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत ठेवावयाची असते, पण खात्री त्या बोर्डाच्या पुस्तिकेवरूनच करावी. आपल्याकडे रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासण्याची पद्धत आहे. ती अगदीच टाकाऊ नाही. कोकण-गोव्याच्या दमट हवेत अनेक वर्षे पडून राहिलेली पट्टी अशा उपायाने पुन्हा चालू लागते. परंतु रबर मऊ व पांढरे असावे, हात हलका असावा, आणि हे काम यंत्रापासून दूर करून रबराचा चुरा ब्रशने झाडून टाकावा. तो सोनेरी मुलामा फार पातळ असतो. दर शनिवारी त्याला घासत बसणे, हे दुरुस्तीचे काम नव्हे.

पट्टी नीट बसली आणि निर्दोष असली, तरी ती त्या यंत्राच्या जातीची असेलच असे नाही. डीडीआर३ला २४० संपर्क असून ती १.५ व्होल्टवर चालते. डीडीआर४ला २८८ संपर्क आणि १.२ व्होल्ट. दोहोंच्या कडेवरील कापाची जागा मुद्दामच निराळी ठेवलेली आहे, जेणेकरून चुकीची पट्टी खाचेत शिरू नये. ती शिरत नसेल तर जोर वाढविण्याऐवजी तिच्यावरील लेबल वाचावे. कित्येकदा पट्टी शिरतेही, पण यंत्र तिला ओळखत नाही. इंटेलच्या जी४१ जातीचे डीडीआर३ मदरबोर्ड अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसतात. त्यांना १६ चिपा असलेली ४ जीबीची पट्टी चालते, परंतु तेवढीच स्मृती ८ चिपांत सामावलेली नवी पट्टी चालत नाही; कारण प्रत्येक चिपची साठवण त्यांच्या आकलनापलीकडे गेलेली असते. पट्टी नवी, कंपनी नामांकित, दुकानदार प्रामाणिक, आणि तरी पडदा काळा! अशा वेळी पट्टीवरील चिपा मोजणे हाच उलगडा होय.

याउलट डीडीआर५ रॅम घातलेल्या अगदी नव्या यंत्रांत कधीकधी दोष काहीच नसतो. पहिल्यांदा सुरू होताना असे यंत्र रॅमशी जुळवून घेण्यासाठी स्वतःच चाचण्या घेते आणि त्यास काही मिनिटे लागू शकतात. तोवर पडदा काळा असतो. घाईने बटण बंद केले की तो अभ्यास अर्धवट राहतो व पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. घड्याळ लावून दहा मिनिटे थांबावे.

प्रोसेसर बदलला असेल तर आणखी एक अडचण संभवते. तो खाचेत बरोबर बसतो, पण मदरबोर्डाच्या चिपमधील प्रोग्रॅम त्याच्या जन्माआधीचा असतो. एएमडीच्या एएम४ या बैठकीत प्रोसेसरांच्या अनेक पिढ्या बसतात, परंतु आरंभीच्या बोर्डांना २०२० साली निघालेला रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर आधी बायॉस अद्ययावत केल्यावाचून समजत नाही. म्हणून जुना प्रोसेसर आत असतानाच हे काम उरकून घ्यावे. एकदा तो काढला म्हणजे अद्ययावत करण्यासाठी बहुधा तोच परत बसवावा लागतो.

तिसऱ्या पायरीवर पडदा उजळतो, पण त्यावर "बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. ही ओळ पाहून निराश होऊ नये. प्रोसेसर, रॅम, पडदा हे सर्व उत्तीर्ण झाले, अशीच ती बातमी आहे. प्रथम यूएसबीत एखादा पेन ड्राइव्ह राहिला आहे काय ते पाहावे. मग डिस्कच्या दोन्ही केबली पाहाव्यात, आणि बायॉसच्या पडद्यावर डिस्कचे नाव तरी दिसते काय ते तपासावे. नाव दिसत नसेल तर दोष केबलीचा, खाचेचा किंवा डिस्कचा आहे. येथे एक बारकावा सांगावासा वाटतो. पुष्कळ मदरबोर्डांत एम.२ जातीची छोटी एसएसडी बसविली की साटा केबलींच्या खाचांपैकी एखादी आपोआप बंद होते, कारण दोघींचा मार्ग एकच असतो. नवी डिस्क दिसू लागली आणि जुनी नाहीशी झाली, तर जुनी मेली असे न समजता तिची केबल दुसऱ्या खाचेत लावून पाहावी.

डिस्कचे नाव दिसते आणि तरी यंत्र सुरू होत नाही, तेव्हा प्रश्न मांडणीचा असतो. जुन्या हार्ड डिस्कची नक्कल एसएसडीवर उतरविताना केवळ 'सी' विभाग उतरविला, आणि यूईएफआय जेथून आरंभ करते तो राखीव विभाग मागे राहिला, असे वारंवार घडते. घरातील सर्व सामान नव्या जागेत आले, पण दाराची किल्ली जुन्याच घरी राहिली, तशातला हा प्रकार होय. नक्कल संपूर्ण डिस्कची करावी, आणि प्रथम यंत्र सुरू करताना केवळ नवी डिस्क जोडलेली असावी. जुनी डिस्क निदान महिनाभर न पुसता कपाटात ठेवावी. प्रणाली असलेली डिस्क २ टीबीहून मोठी घ्यावयाची असेल तर एमबीआर मांडणी पुरी पडत नाही. ५१२ बाइटांचे कप्पे मोजण्यास तिच्यापाशी ३२ द्विमान अंकच असल्याने तिची मोजणी तेथेच संपते.

आमच्या शाळेच्या संगणककक्षात घडलेला एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. एका जुन्या यंत्रात नववीच्या विद्यार्थ्यांनी रॅमची दुसरी पट्टी बसविली. यंत्राने डिस्क सापडत नसल्याचे सांगितले. पट्टी काढली, तरी तेच. गावातील एका दुकानदारास दूरध्वनीवरून विचारता, डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने घाला, असा सल्ला मिळाला. त्या डिस्कवर शाळेच्या जुन्या वार्षिकांकांची पाने स्कॅन करून ठेवलेली होती. मूळ अंकांपैकी काही वाळवीने खाल्ले होते आणि त्या पानांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. सल्ला मानला असता तर त्या अंकांतील लेखन कायमचे नाहीसे झाले असते.

विद्यार्थ्यांनी फळ्यावर बदलांची यादी लिहिली. पट्टी बसविली, ती काढली, म्हणून तो बदल रद्द. केबली हलल्या, त्या पुन्हा घट्ट केल्या आणि बायॉसमध्ये डिस्कचे नाव दिसत होते, म्हणून तोही रद्द. उरला एकच बदल: यंत्राची वीज पूर्णपणे काढली होती. "पण वीज तर रोजच बंद होते," असे एकाने म्हटले. त्यावर एका विद्यार्थिनीने बायॉसच्या पडद्यावरील तारखेकडे बोट दाखविले. तेथे कित्येक वर्षांपूर्वीची १ जानेवारी दिसत होती. यंत्र रोज बंद केले तरी भिंतीवरील बटण चालूच राहत असे, आणि त्या अल्पशा विजेवर बायॉसची नोंदवही जिवंत राही. केबल निघाली तेव्हा ती सांभाळण्याचे काम मदरबोर्डावरील बटणाएवढ्या सेलवर आले. हा सीआर २०३२ जातीचा सेल नवा असताना ३ व्होल्टचा असतो. मोजला तेव्हा तो १ व्होल्टच्या आसपास निघाला. नोंदवही पुसली गेली आणि बायॉस कारखान्यातून निघतानाच्या स्थितीत गेला. त्या स्थितीत त्याची प्रारंभाची पद्धत यूईएफआय होती, आणि डिस्कची मांडणी होती जुनी एमबीआर. डिस्क निर्दोष, पट्टी निर्दोष. दोघांची भाषा तेवढी जुळत नव्हती. नवा सेल घातला, बायॉसमध्ये 'लेगसी' ही जुनी पद्धत निवडली, आणि विंडोज सुरू झाले. त्यानंतरच दुसरी पट्टी पुन्हा बसविण्यात आली. तिनेही तक्रार केली नाही. स्कॅन केलेली पाने त्याच दुपारी दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून घेतली.

हाच प्रसंग उलट बाजूनेही ओढवतो. विंडोज ११साठी म्हणून कोणी बायॉसमध्ये यूईएफआय निवडतो, आणि डिस्क एमबीआरच असल्याने यंत्र थांबते. उपाय प्रथम जुनी पद्धत परत निवडण्याचा. मग महत्त्वाच्या फाइलींची प्रत घेऊन, विंडोजमध्येच असलेल्या 'एमबीआर-टू-जीपीटी' या साधनाने डिस्कची मांडणी बदलण्याचा. आणि शेवटी यूईएफआय निवडण्याचा. क्रम चुकला तरी डिस्कवरील मजकूर जात नाही. तो जातो तो 'फॉरमॅट' या शब्दापुढे होकार दिल्याने. जे यंत्र सुरू होत नाही त्यातील डिस्क बहुतेक वेळा शाबूत असते, आणि ती काढून दुसऱ्या संगणकास जोडल्यास फाइली वाचता येतात.

चौथ्या पायरीविषयी थोडक्यात. विंडोजचे चिन्ह दिसते आणि लगेच निळा पडदा येतो, तेव्हा पडद्यावरील नाव टिपून घ्यावे. 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे असल्यास, बायॉसमध्ये साटाची पद्धत एएचसीआय व रेड यांपैकी पूर्वी कोणती होती ते आठवून ती परत निवडावी. नोंदवही पुसल्यावर हीही बदललेली असते. दर वेळी निराळेच नाव येत असेल तर रॅमचा संशय घ्यावा आणि 'मेमटेस्ट' हा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवावा. आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जात असेल तर तो बिघाड नव्हे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे आणि यंत्रात बदल झाल्याचे पाहून ते मालकाची खात्री करून घेत आहे. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. ती कॅबिनेट उघडण्यापूर्वीच कागदावर उतरवून घ्यावी. कारण ती हरवली तर आत शाबूत असलेला मजकूरही कोणास वाचता येत नाही.

काही वेळा मात्र आपण थांबावयाचे असते. जळल्याचा वास, मदरबोर्डावर फुगलेले किंवा पाझरलेले कपॅसिटर, प्रोसेसरच्या बैठकीतील वाकलेल्या पिना, डिस्कमधून येणारा टकटक असा आवाज, यांपैकी काही आढळले तर यंत्र पुन्हापुन्हा सुरू करून पाहू नये. टकटक करणारी डिस्क तर प्रत्येक प्रयत्नागणिक आपले आयुष्य कमी करीत असते. कारागिराकडे यंत्र नेताना सोबत एक चिठ्ठी द्यावी: कोणता भाग केव्हा बसविला, त्यापूर्वी यंत्र कसे चालत होते, ते कोणत्या पायरीवर थांबते, आतापर्यंत काय काय करून पाहिले, आणि डिस्कवरील मजकूर विचारल्यावाचून पुसू नये. शेवटचे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून त्याखाली रेघ ओढावी.